डाउनटाउनखालची भुयारं पुन्हा जिवंत होतील का? (आणि पणजीत तसलं काही करावं का?)

दुर्भाटकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा दुर्भाटचा, सध्या पोटापाण्यासाठी ह्यूस्टनात. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पण हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय.

आमच्या ऑफिसच्या इमारतीखालून एक जिना उतरला की माणूस भुयारात येतो. भुयार म्हणजे अंधारं वगैरे नाही, एसी, दिवे, दुकानं असलेला पादचाऱ्यांचा रस्ता. रस्त्यापासून वीसेक फूट खाली, सगळं मिळून साधारण १० किलोमीटर, ९५ ब्लॉकांना जोडणारं. १९३० च्या दशकात रॉस स्टर्लिंग या तेलवाल्याने (गडी टेक्सासचा गव्हर्नरही होता) आपल्या दोन इमारती खालून जोडल्या, तिथून सुरुवात. पुढे बँका आणि तेल कंपन्यांचे टॉवर उभे राहत गेले तसा ज्याने त्याने आपापला तुकडा खणला आणि शेजाऱ्याला जोडला. आधी कोणी नकाशा काढून केलेली ही गोष्ट नाही, आणि चालताना ते कळतंही. गुळगुळीत ग्रॅनाइटवरून चालता चालता एकदम पायाखाली गालिचा येतो, छत हातभर खाली येतं, दिव्यांचा रंग बदलतो. समजायचं की मालक बदलला.

दुपारी साडेअकरा ते दीड इथे पाय ठेवायला जागा नसायची. सँडविचवाले, टाकोवाले, चष्म्याचं दुकान, न्हावी, बूटपॉलिश, सगळं जोरात. वर ३८ डिग्री आणि घामाची आंघोळ, खाली स्वेटर घालावा अशी थंडी. कोरोनानंतर घरून काम सुरू झालं आणि ती गर्दी गेली ती पूर्ण परत आलीच नाही. मंगळवार ते गुरुवार बरी वर्दळ, सोमवार-शुक्रवार सुतकी कळा. बंद शटरवर 'दुकान भाड्याने देणे आहे'चे कागद. संध्याकाळी सहाला दारं बंद, शनिवार-रविवार तर बहुतेक सगळंच बंद.

आता अधूनमधून चर्चा निघते की यात पुन्हा जीव कसा आणायचा. रोषणाई करा, भिंतींवर चित्रं काढा, फूड फेस्टिव्हल भरवा, वगैरे. मला ते पटत नाही, पण काय करावं हेही सुचत नाही. दुसरं म्हणजे दर वेळी गावी आलो की कोणीतरी म्हणतंच, "पणजीत असं काहीतरी हवं रे, अठरा जून रस्त्यावर चालवत नाही." (अठरा जून हा तिथला बाजाराचा रस्ता.) तर दोन्ही बाजूंनी लिहा.

पाटोकार

पयलो प्रतिसाद म्हजो. हवं म्हणजे हवंच! मी रोज कदंब बसस्टँडवर उतरून चर्च स्क्वेअरपर्यंत चालत जातो. जून ते सप्टेंबर छत्री उलटते, बाकीचे आठ महिने टाळू तापते. दिवजा सर्कलला रस्ता ओलांडणं म्हणजे नवस बोलून निघायचं. स्टँडपासून म्युनिसिपल गार्डनपर्यंत थेट भुयार करा, मध्ये दोन चहाच्या टपऱ्या आणि एक मिरची भजीवाला बसवा. माझं तिकीट पहिलं.

मांडवीकाठ

पाटोकार, भावना पोचल्या. मी स्थापत्यवाला, तेव्हा जरा पाण्याविषयी बोलू.

पणजीचा बराचसा सखल भाग खाजण (खाडीकाठची खारी जमीन), दलदल भरून काढलेला आहे. स्टँडजवळचा पाटो भाग तर उघडच तसा. मांडवीला भरती आली आणि त्याच वेळी पावसाने जोर धरला की अठरा जून रस्त्यावर पाणी का तुंबतं? कारण गटाराचं तोंडच भरतीच्या पातळीखाली जातं, पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही. झडपा बसवल्या तर खाडीचं पाणी आत येत नाही हे खरं, पण तेव्हा आतलंही आतच राहतं. अशा जमिनीत रस्त्याखाली चार-पाच मीटर गेलात तर वर्षभर पाण्यातच उभे आहात असं धरायचं.

लोकांना वाटतं मोठी अडचण गळतीची. त्याहून मोठी अडचण भुयार वर येण्याची. हसू नका, हिशेब करा. बाहेरून ६ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच अशी काँक्रीटची चौकट घ्या. पूर्ण पाण्याखाली असेल तर लांबीच्या दर मीटरला २७ घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २७ टनांचा जोर तिला वर ढकलणार. भिंती, तळ आणि छत ४५ सेंटीमीटर जाड धरले तर काँक्रीटचं वजन भरतं एकवीस-बावीस टन. वर मीटरभर माती टाकली तरी तीही भिजलेली, तिचं कामाचं वजन जेमतेम पाच टन. झाली बरोबरी काठावर, आणि काठावर कोणी शहाणा इंजिनिअर सही करत नाही. मग तळ जाड करा, किंवा खाली ओढून धरणारे पाइल ठोका. म्हणजे पैसा.

होत नाही असं नाही. मुंबईत मेट्रो समुद्राला लागून खाली गेलीच. प्रश्न असा की दीडशे-दोनशे मीटर चालणाऱ्या माणसासाठी हे करायचं का. आणि पंप. वीज गेली की जनरेटर, जनरेटर चालू झाला नाही की तळं. आमच्याकडे वीज नेमकी कधी जाते ते मी सांगायला नको.

काणकोणकार

+१. आणि आपल्याला बोगद्याचा अनुभव नाही असंही नाही. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा आठवा. मऊ मातीतला, बांधतानाच रडवलेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये आतली भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैत आत पाणी आणि चिखल शिरून गाड्या बंद. तो तर डोंगरातला. पणजी समुद्रसपाटीला.

म्हापशेकार_टोरांटो

मी ह्याच विषयावर बोलायला जन्मलोय असं बायको म्हणते, त्यामुळे थोडं लांबेल.

टोरांटोच्या पाथचं (PATH, तिथल्या भुयारी पादचारी रस्त्यांचं) जाळं ३० किलोमीटरच्या वर आहे. बाराशेच्या आसपास दुकानं, पंचाहत्तरहून जास्त इमारती, सहा भुयारी रेल्वे स्टेशनं. पहिला बोगदा १९०० साली ईटन्स या दुकानवाल्यांनी आपल्याच दोन दुकानांमध्ये काढला. इथेही मालकी तुकड्या-तुकड्यांची, ह्यूस्टनसारखीच. मग फरक कुठे?

एक, मध्ये युनियन स्टेशन आहे. लोकल गाडीतून उतरलेला माणूस सरळ खालीच चालू लागतो, त्याला मुद्दाम जिना उतरून भुयारात 'जावं' लागत नाही. तो आधीच तिथे असतो. माँट्रियालचंही तेच. १९६२ ला प्लास व्हिल मारी या टॉवरखाली दुकानं झाली, पण त्याला शहराचं रूप आलं ते १९६६ ला मेट्रो सुरू झाल्यावर.

दोन, नगरपालिकेने निदान पाट्यांची जबाबदारी घेतली. पूर्वी माणूस आत शिरला की हरवायचाच, कारण इमारतीचा मालक तुम्हाला आपल्या दुकानांकडे नेणार, शेजाऱ्याकडे का नेईल? नंतर सगळीकडे एकच खूण आली. त्या नावातली चार इंग्रजी अक्षरं चार रंगांत: लाल म्हणजे दक्षिण, नारिंगी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. तरीही हरवतात लोक, मी स्वतः हरवतो, पण दिशा तरी कळते.

कोरोनात इथेही दुकानं धडाधड बंद झाली. जिथे वर राहणारी माणसं आहेत किंवा स्टेशन जवळ आहे तिथे लवकर सावरलं. नुसत्या बँकांच्या पोटातला भाग अजून शुक्रवारी ओस असतो.

अठरा_जून_वाला

माझं दुकान कुठे ते नावावरून कळलंच असेल. भुयाराला माझा विरोध, आणि स्वार्थापोटी विरोध, उगाच तत्त्वाचा आव आणत नाही. गिऱ्हाईक खाली गेलं की वरचं दुकान मेलं. स्मार्ट सिटीच्या खणाखणीत दाराशी चर होता तेव्हा धंद्याचं काय झालं ते आम्ही भोगलंय. परत तेच? आणि ह्या वेळी जन्माचं?

नकाशेवाला

स्वार्थ असला तरी तुमचं म्हणणं खोटं नाही. डॅलसचं उदाहरण नेमकं हेच. तिथली भुयारं आणि वरचे बंदिस्त पूल माँट्रियालच्याच व्हिन्सेंट पाँट या नियोजनकाराच्या सल्ल्याने १९६० च्या दशकापासून झाले. कल्पना अशी की मोटारींना रस्ता मोकळा करून द्या आणि माणसांना खाली घाला. झालं काय, जेवणाच्या सुट्टीतली सगळी गर्दी खाली, आणि रस्त्यावरची दुकानं माश्या मारत बसली. २००५ च्या सुमारास तेव्हाच्या महापौर लॉरा मिलर जाहीरपणे म्हणाल्या होत्या की जमलं तर सिमेंट ओतून ही भुयारं बुजवून टाकीन. महापौराने स्वतःच्या शहराच्या सोयीविषयी असं बोलणं विरळाच.

आता दुर्भाटकरांचा मूळ प्रश्न. रोषणाईने काही होतं का? ओक्लाहोमा सिटीत झालंय. तिथलं भुयार १९७४ चं, हळूहळू कळकट होत गेलेलं. २००७ ला दुरुस्त करून नव्या नावाने उघडलं, प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाचे दिवे. दिसायला देखणं, फोटो काढायला लोक येतात. पण फोटो काढणारा रोज दुपारी जेवायला येत नाही ना! दिवे हवेतच, पण ते शेवटचं काम आहे.

जपानमधल्या सप्पोरोचं उदाहरण मला जास्त आवडतं. मार्च २०११ मध्ये त्यांनी स्टेशन आणि शहराच्या मधला ओदोरी भाग यांच्यामध्ये सुमारे ५२० मीटरचा रुंद भुयारी रस्ता उघडला. तो रस्ताच आहे, सार्वजनिक, कोणा टॉवरचं तळघर नव्हे. दोन्ही टोकांना माणसं आधीच होती, मध्ये बर्फात चालायची पंचाईत होती, ती सोडवली. कडेची जागा प्रदर्शनं, शेतकऱ्यांचा बाजार अशांना भाड्याने देतात. म्हणजे दुकान कायमचं बांधून न ठेवता जागा हलती ठेवली. ह्यूस्टनच्या रिकाम्या गाळ्यांना हे लागू होण्यासारखं आहे. दहा वर्षांचा करार मागत बसण्यापेक्षा आठवड्याच्या बोलीवर द्या.

जुनेंगोंय

तुम्ही सगळे शिकलेले लोक, पण भुयार आमच्याकडे आधीपासून आहे. माझ्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या गोव्यातल्या प्रत्येक चर्चखालून एक बोगदा निघतो आणि तो नदीपाशी जातो. पाहिलेला एकही माणूस भेटला नाही, ऐकलेले शंभर. (हलकेच घ्या.)

बाकी पणजीत भुयार झालं तर पहिल्या वर्षी मिरची भजीवाला, दुसऱ्या वर्षी मोबाइल कव्हर, तिसऱ्या वर्षी कॅसिनो.

मळेकरीण

विनोद झाले असतील तर एक विचारू? ह्या धाग्यावर आत्तापर्यंत एकाही पुरुषाने रात्रीचा विषय काढला नाही.

मी पणजीच्या मळा भागात राहते. पाटोवर नोकरी, निघायला साडेसात-आठ होतात. खाडीवरच्या पादचारी पुलाने घरी येते. पूल उघडा आहे, दोन्ही बाजूंनी दिसतो, कोणी समोरून येत असेल तर लांबून कळतं, वाटलं तर मागे फिरता येतं. भुयारात वळण आलं की पुढे काय आहे ते दिसत नाही. मुंबईत असताना सीएसएमटीच्या सबवेतून दिवसा बिनधास्त जायचे, कारण गर्दीच एवढी की धक्के खा. तोच सबवे रात्री उशिरा, अर्धे दिवे गेलेले, तेव्हा मी वरून गाड्यांमधून पळत रस्ता ओलांडायची. माझ्यासारख्या कितीतरी.

दुर्भाटकर दादा, तुमच्या ह्यूस्टनात सहाला दारं बंद होतात म्हणता. मग साफसफाईवाल्या बायका, हॉटेलात उशिरापर्यंत काम करणाऱ्या मुली, त्या कुठून जातात? आणि खाली बाथरूम आहे का? बाहेरच्या माणसाला वापरता येतं का? जीव आणायच्या गप्पा ह्या दोन प्रश्नांपासून सुरू व्हायला हव्यात.

पाटोकार

ताई, पॉइंट आहे. भजीवाला रात्री दहापर्यंत ठेवू.

मळेकरीण

भजीवाल्याने सुरक्षितता येते हे तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण ते खरंच आहे. दुकान उघडं असलं की डोळे असतात. म्हणून तर वेळेचं विचारलं.

दुर्भाटकर

मळेकरीणबाय, सरळ उत्तर: त्या वरून जातात. रस्त्यावरून, बसस्टॉपपर्यंत. भुयार ऑफिसच्या वेळेचं आहे, आणि ऑफिसच्या लोकांचं आहे. बाथरूमं आहेत, बहुतेक खाण्याच्या जागांजवळ, पण काही ठिकाणी दाराला आकडे दाबायचं कुलूप. भाडेकरूंनाच आकडा माहीत.

आणखी एक गोष्ट, जी मी वर लिहायला हवी होती. रस्त्यावर उभं राहिलं तर भुयार आहे हेच कळत नाही. थेट रस्त्यावरून खाली उतरणारे जिने मोजके. बाकी सगळीकडे आधी एखाद्या बँकेच्या लॉबीत शिरायचं, पहारेकऱ्यासमोरून जायचं, मग सरकता जिना. नव्या माणसाची, त्यातही साध्या कपड्यातल्या माणसाची छाती होत नाही. पर्यटक तर हॉटेलात विचारतात आणि मग अर्धा तास शोधतात.

मांडवीकाठ, तुमच्या पाण्याबद्दल. जून २००१ मध्ये अ‍ॅलिसन वादळात इथल्या भुयारांत पाणी भरलं. तळमजल्याखाली यंत्रं, वीजजोडण्या, सगळं बुडालं, माणसंही दगावली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी पाणबुडीला असतात तसले जाड दरवाजे बसवलेत. मी रोज एका अशा दारातून जातो. भिंतीला लागून उघडं असतं, जाडी वीतभर, कडेला रबराची पट्टी. लोक त्याला टेकून फोनवर बोलत असतात.

मांडवीकाठ

ह्या दरवाजाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. तो बंद करायचा निर्णय कोण घेतो? दहा मालक असतील आणि नऊ जणांनी बंद केला तर दहाव्याच्या तळघरातून पाणी येणारच. हे खरं तर पूर्ण जाळ्याचं दुखणं आहे. वेळ, पाट्या, बाथरूम, पूर, सगळीकडे एकच प्रश्न, ठरवणार कोण? टोरांटोत पाट्यांपुरता सुटला, सप्पोरोत रस्ताच सार्वजनिक असल्यामुळे आला नाही.

मी ह्यूस्टनच्या नगरपालिकेत असतो तर चित्रांवर दमडी घालवली नसती. मुख्य दोन-तीन मार्ग निवडून त्यांच्यावर वाटेचा हक्क घ्या, आपल्याकडे शेतातून पायवाटेचा असतो तसा. जमीन मालकाची, चालायचा हक्क लोकांचा, सकाळी सहा ते रात्री दहा. बदल्यात मालकाला करात सूट द्या. आणि त्या मार्गावर रस्त्यावरून दिसणारे जिने फोडा. उरलेले फाटे बंद पडले तर पडू देत. १० किलोमीटर टिकवायचा हट्ट कशाला? ३ टिकले तरी पुष्कळ.

नकाशेवाला

फाटे बंद पडू देत, याला जोरदार अनुमोदन. सगळं वाचवायला गेलं की सगळीकडे अर्धवट होतं.

अठरा_जून_वाला

ते ह्यूस्टनचं ह्यूस्टन बघून घेईल. पणजीचं काय ठरलं?

म्हापशेकार_टोरांटो

पणजीत मला भुयार नकोच वाटतं. इथे उणे पंधराला वारा तोंडावर येतो तेव्हा खाली जाण्यात अर्थ आहे. पणजीत त्रास ऊन आणि पावसाचा, त्याला छत पुरतं. आणि ते आहे की! अठरा जूनवर, गार्डनच्या आसपास इमारतींच्या पुढच्या भागाखालून चालायची सोय आहे, कमानी आहेत. लहानपणी आई म्हापशाहून खरेदीला आणायची तेव्हा बराचसा बाजार आम्ही छत्री न उघडता फिरायचो. आता तिथे स्कूटर लावतात, दुकानांच्या पाट्या, आइस्क्रीमचा फ्रीज, जनरेटर. मध्येच एका इमारतीचा फूटपाथ दोन पायऱ्या वर, दुसरीचा एक खाली.

अठरा_जून_वाला

फ्रीजचा टोमणा कळला. आत घेतो.

काणकोणकार

😂 धागा सत्कारणी लागला.

नकाशेवाला

म्हापशेकार, अगदी हेच लिहायला बसलो होतो. आकड्यात बघा. भुयारात उतरायला साडेचार मीटर, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या तीस पायऱ्या, आणि पलीकडे परत तीस चढायच्या. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार दिला तर तो ५४ मीटर लांब, विसाव्याच्या सपाट जागा धरून आणखी जास्त. हा उतार पणजीत ठेवणार कुठे? लिफ्ट बसवा म्हणाल, तर गोव्याच्या दमट हवेत बंद पडलेल्या सरकारी लिफ्टवर वेगळा धागा निघेल. गुडघेदुखीवाली आजी साठ पायऱ्या करणार नाही, ती रस्त्यातूनच जाणार. रस्ता ओलांडायची जागा सपाट, उंचावलेली, आणि सिग्नलला पुरेसा वेळ, ह्याला पायऱ्या शून्य.

स्टँड ते चर्च स्क्वेअर ह्या वाटेत सलग छत कुठे आहे आणि कुठे तुटतं, एवढं जरी कोणी नकाशावर मांडलं तरी खरं चित्र दिसेल. माझा अंदाज, खाडी ओलांडायचा भाग आणि दोन-तीन चौक सोडले तर फार थोडं जोडावं लागेल.

पाटोकार

म्हणजे माझं भुयार गेलं.

जुनेंगोंय

आजोबांचं घ्या, ते फुकट आहे.

मळेकरीण

नकाशा मी करते, येता-जाता बघतेच. पण सिग्नलचे सेकंद कोणीतरी मोजायला हवेत, दिवजा सर्कल आणि चर्च स्क्वेअर दोन्हीकडे. किती सेकंदात म्हातारा माणूस पलीकडे पोचतो आणि त्याच्या आधी गाड्या सुटतात का, एवढंच. तक्रार लेखी द्यायची तर 'वेळ कमी पडतो' असं मोघम लिहून उपयोग नाही.

काणकोणकार

शनिवारी कामासाठी पणजीत येतोय. मोजतो. वडील बरोबर आहेत, वय ७६, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनाच चालवतो.

मळेकरीण

त्यांना विचारून मग चालवा हां. आणि दुपारी बाराला नको, दहाच्या आत उरका.

दुर्भाटकर

सगळ्यांचे आभार. मांडवीकाठ यांचं वाटेच्या हक्काचं आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकाला बोलता बोलता सांगितलं. तो म्हणाला, रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवायचं तर पहारेकऱ्याचा पगार कोण देणार? ह्यावर कोणाकडे उत्तर असेल तर लिहा, पुढच्या आठवड्यात भाडेकरूंची मीटिंग आहे.

मांडवीकाठ

पहारेकरी आत्ताही लॉबीत रात्रभर बसतोच ना? त्याची खुर्ची जिन्याच्या तोंडाशी हलवायची. विचारा त्याला.